गंगेवर दिलेला शब्द

बाबांनी ते क्रेडिट कार्ड एकदाही वापरलं नाही. वापरायचं म्हटलं तरी तेव्हा परभणीत ते घेणारं दुकान नव्हतं.

कुलथे साहेब बँकेचे मॅनेजर होते. एका संध्याकाळी ते घरी आले. आईने केलेली शेवयांची खीर त्यांनी दोनदा मागून घेतली आणि मग जरा अवघडून म्हणाले, "अनंतराव, वरून हुकूम आलाय. प्रत्येक शाखेने अमुक इतकी कार्डं खपवायची. तुमची ठेव आमच्याकडे आहे, त्यामुळे तुमचं लगेच होतं. एक सही करा, माझं काम होईल."

"काय करायचं असतं त्याचं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. मोठ्या शहरात गेलात की दुकानात दाखवायचं आणि माल घ्यायचा. पैसे मागून बँकेत भरायचे."

"म्हणजे उधारी."

"उधारी काय म्हणता, सोय म्हणा."

बाबांची सगळी नोकरी जिनिंग फॅक्टरीत मुनीम म्हणून गेली. दुसऱ्यांच्या उधाऱ्या लिहिण्यात जन्म गेला, त्यामुळे स्वतःच्या घरात त्यांनी मिठाचा पुडासुद्धा उधार आणू दिला नाही. तरी त्यांनी सही केली. चहा-फराळ केलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. फॉर्मच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत बरंच काही छापलेलं होतं. ते त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि कुलथे साहेब वाट बघत आहेत हे लक्षात आल्यावर कागद उलटा केला. महिन्याभराने कार्ड आलं. त्यावर त्यांनी मराठीत सही केली आणि ते पाकिटात, दत्ताच्या फोटोमागे ठेवून दिलं.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये ते चुडाव्याला गेले होते. फॅक्टरीतला त्यांचा जुना सोबती तिथे अंथरुणाला खिळला होता, त्याला बघायला. परत स्टेशनकडे येताना बाभळीच्या कुंपणाजवळ दोघांनी त्यांना अडवलं. एकाने मानेला विळा लावला. घड्याळ, अंगठी, पाकीट, एवढंच काय हातातली छत्रीही घेतली आणि त्यांना नालीत ढकलून दिलं. कपाळ फुटलं. मिळेल त्या गाडीने ते घरी आले आणि आईला म्हणाले, "पाणी तापव. घाबरू नकोस, जीव आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलिसात फिर्याद दिली. काय काय गेलं ते त्यांनी स्वतः सांगितलं. घड्याळाची कंपनी सांगितली, अंगठीचं वजन सांगितलं, छत्रीची मूठ कसली होती तेही सांगितलं. कार्डाचं सांगितलं नाही. त्यात पैसे नव्हते, ते सोन्याचं नव्हतं, ते विकत घेतलेलंही नव्हतं. गेलेल्या वस्तूंत ते मोजावं हे त्यांच्या मनातच आलं नाही.

पण कार्ड बँकेचं होतं, म्हणून कुलथे साहेबांना मात्र त्यांनी सांगितलं. पोलिसात जाण्याआधीच, सकाळी फिरायला गेले तेव्हा बँकेच्या जिन्यात गाठून. साहेब म्हणाले, "माणूस सुखरूप आहे ना, मग कार्डाचं काय घेऊन बसलात? दुसरं देऊ." बाबा समाधानाने घरी आले. लेखी अर्ज दिला नाही. ज्या माणसाशी रोज बोलतो त्याला कागदावर लिहून देणं म्हणजे त्याच्या शब्दावर भरवसा नाही असं सांगण्यासारखं झालं असतं. हे मी आज त्यांच्या वतीने सांगते आहे. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी एवढंच म्हटलं असतं की सांगितलं होतं.

पुढच्या आठ-पंधरा दिवसांत हैदराबादच्या दुकानांतून त्या कार्डावर कापड, घड्याळं, टेपरेकॉर्डर आणि एक शिलाई मशीन घेतलं गेलं. त्याचा हिशेब मे महिन्यात आमच्या दारात आला. तोवर कुलथे साहेबांची पालमला बदली झाली होती. नव्या मॅनेजरांनी फॉर्ममागची बारीक अक्षरं बाबांना वाचून दाखवली. कार्ड हरवल्याची लेखी सूचना बँकेला मिळेपर्यंत झालेला सगळा खर्च कार्डधारकाच्या माथी. लेखी सूचना मिळाली नव्हती, म्हणून रक्कम ठेवीतून वळती होणार.

ती ठेव म्हणजे आमचं घर चालण्याचं साधन होतं. जिनिंगच्या नोकरीला पेन्शन नव्हती. मी पालमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. कॉलेज विनाअनुदानित आहे, पगार कधी होतो, कधी होत नाही. ठेवीच्या व्याजावर किराणा येत असे. बँकेचा हिशेब वळता झाला तर निम्म्याहून जास्त ठेव जाणार होती, आणि दर महिन्याला बँक वर व्याज चढवत होती.

बाबा रोज बँकेत जाऊन बसू लागले. कुणाशी भांडत नसत. बाकावर बसत आणि बंद होईपर्यंत थांबत. हेड कॅशियर चंद्रभान काळे त्यांच्या फिरण्याच्या मंडळीतले होते, ते पाणी आणून देत. ऑगस्टमध्ये एका दुपारी त्याच बाकावर बाबा कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

दहाव्याला आम्ही गंगाखेडला गोदावरीवर गेलो; तिला आमच्याकडे गंगाच म्हणतात. मी एकुलती एक, म्हणून क्रिया दिनकरकाकांनी केली. काका पेडगावला शेती करतात, बाबांचे धाकटे भाऊ. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले. घाटावर कावळे पुष्कळ होते. शेजारच्या पिंडाला ते लगेच शिवले. आमच्याकडे फिरकले नाहीत.

काकांनी हात जोडले. "दादा, विमलचं मी बघतो. काळजी करू नको."

कावळे पायरीवर बसून राहिले.

"दादा, वैनीला काही कमी पडू देनार न्हाई. आईच्या जागी मानीन."

एक कावळा उडाला आणि पलीकडच्या झाडावर जाऊन बसला. काकांनी घराचं सांगितलं, वाटणीतल्या विहिरीचं सांगितलं, कधीच्या भांडणाची माफी मागितली. ऊन वर आलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला दर्भ निवडू लागले. असं होतंच हो, म्हणाले. आई पदर डोक्यावर घेऊन बसली होती. तिची नजर पिंडावरून हलत नव्हती. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण त्या वेळी मलाही वाटत होतं की आता कावळ्याने यावं आणि हे संपावं.

चंद्रभान काळे मागे उभे होते. ते पुढे आले आणि काकांच्या कानाशी म्हणाले, "बँकेचं त्यांच्या मनाला फार लागलं होतं."

काकांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, बँकेचं देनं आमी फेडू. एक पैसा ठेवनार न्हाई. तू मोकळा हो."

झाडावरचा कावळा आला आणि पिंडाला शिवला. त्याच्यामागून बाकीचे आले.

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, बघा, जीव त्यात होता. आई रडली नाही. तिने नमस्कार केला आणि उठली.

घरी परतताना जीपमध्ये मी काकांना हळूच विचारलं, "काका, कसं फेडणार?"

"बोललो खरं," काका म्हणाले. "त्याचा जीव सुटावा म्हून बोललो. पैसं कुठून आनू, पोरी? तू शिकलेली हाईस, तू बघ काय करता येतंय का."

मी बघायला लागले.

बन्सीधर वकील बाबांचे ओळखीचे होते. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. एकच वाक्य तीन भाषांत बोलणारे म्हणून ते सगळ्या कोर्टाला माहीत होते. त्यांनी सगळे कागद वाचले, बँकेने पाठवलेल्या दुकानांच्या पावत्या उजेडात धरून बघितल्या.

"ह्या पावत्यांवर सही इंग्रजीत आहे, अन् तुझ्या वालिदांची?"

"मराठीत. इंग्रजीत त्यांनी कधीच केली नाही."

"मग दुकानदारानं काय बघितलं? आंधळा होता का?" त्यांनी पावत्या खाली ठेवल्या. "आता ऐक, बेटी. पोलिसांमागं लाग, ती एक वाट. चोर सापडले तर चांगलंच, पण चोर सापडल्यानं बँक हिशेब सोडत नाही. दुसरी वाट दिवाणी दावा. दावा तू लावशील, निकाल तुझे नातवंडं ऐकतील."

"मला मुलं नाहीत."

"मग तर अजूनच मुश्कील." ते हसले आणि लगेच गंभीर झाले. "तिसरी वाट, वळती करू द्यायची अन् गप बसायचं. बहुतेक लोक तेच करतात. चौथी म्हणजे ग्राहक मंच. फी लागत नाही, लांबत नाही. आपण म्हणायचं, बँकेला तोंडी कळवलं होतं, त्याच्यानंतरची सगळी खरेदी बँकेच्या बेपर्वाईनं झाली. सही जुळत नसताना पैसे दिले ही दुसरी बेपर्वाई. वारस म्हणून अर्ज तुम्ही दोघी मायलेकींनी करायचा."

"जिंकू?"

"तोंडी कळवलं ह्याला गवाह पाहिजे. गवाह एकच आहे, अन् तो बँकेची रोटी खातो."

आईने अर्जावर आणि शपथपत्रावर सही केली. मी वाचून दाखवायला लागले तर म्हणाली, "त्यांनी काही घेतलं नव्हतं असं लिहिलंयस ना?"

"तेच लिहिलंय."

"मग झालं."

कुलथे साहेब पालमला बसस्टँडजवळ भाड्याच्या घरात राहत होते. कॉलेजला जाता-येता त्यांचं दार मला रोज दिसे. मी एका शनिवारी गेले. त्यांनी मला ओळखलं आणि ओळखल्याचं त्यांना बरं वाटलं नाही, हेही मला दिसलं. बाबा गेल्याचं त्यांना कळलं होतं.

"मला सगळं आठवतं," ते म्हणाले. "जिन्यात भेटले होते. कपाळाला पट्टी होती. पण विमलताई, मी तसं लिहून दिलं की पहिला प्रश्न मलाच येणार. कळलं होतं तर हेड ऑफिसला का कळवलं नाही?"

"का कळवलं नाही?"

"मार्चअखेर होती. वसुलीच्या याद्या, ऑडिट. विसरलो."

आतून त्यांच्या पत्नी, अंबिकाबाई, चहा घेऊन आल्या. कप ठेवून त्या परत गेल्या नाहीत.

"तुम्हीच ते कार्ड त्यांच्या गळ्यात मारलंत," त्या म्हणाल्या.

"तू मधे पडू नकोस."

"पडते. त्यांच्या घरी बसून खीर खाल्लीत तुम्ही. घरी येऊन मला म्हणालात, अनंतरावांनी लाज राखली, नाहीतर एक कार्ड कमी पडत होतं."

"प्रमोशनची यादी लागायचीय, अंबिका. चौकशी लागली तर सगळं जाईल. पोरीचं लग्न आहे."

"मला माहीत नाही का ते?" त्या खुर्चीवर बसल्या. "लिहून द्या. यादी लागेल नाहीतर राहील. ही बाई रोज आपल्या दारावरून जाणार, मी काय रोज दार लावून बसू?"

साहेब हसले नाहीत. पण उठले, कागद घेतला आणि लिहिलं. त्यांचं अक्षर अगदी सुबक होतं. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्याकडे देताना म्हणाले, "हे दिलं म्हणजे दिलं. आता मागे घेता येत नाही मला."

"तुमचे उपकार..." मी सुरुवात केली.

"उपकार राहू द्या. केस जिंका म्हणजे मिळवली," अंबिकाबाई म्हणाल्या.

मी तो कागद बन्सीधर वकिलांकडे दिला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "कमाल आहे. आता बँक काय बोलेल ते ऐकू."

बँकेने लेखी म्हणणं दिलं ते चार पानांचं होतं. नियम, कलमं, फॉर्मवरची बाबांची सही, आणि शेवटच्या पानावर एक वेगळाच परिच्छेद. मयताचे बंधू यांनी दहाव्या दिवशी गंगाखेड येथे अनेक लोकांसमक्ष सदर देणे मान्य करून फेडण्याचे कबूल केले आहे. चंद्रभान काळ्यांनी बँकेत कुणाला तरी ते सांगितलं असणार, आणि वाईट हेतूने सांगितलं नसणार. बन्सीधर वकील पोट धरून हसले. "कावळ्याला दिलेली कबुली. इतकी वर्षं झाली वकिली करून, हा कायदा मी नाही वाचला." मीही थोडी हसले. घरी येऊन आईला ते सांगितलं नाही.

जानेवारीची तारीख विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या बंदोबस्तात गेली. एस.टी. बंद होत्या, पक्षकार येऊ शकले नाहीत. तारीख मार्चात पडली.

मंचावर तिघे होते. अध्यक्ष मधे, एका बाजूला एक सदस्य गृहस्थ आणि दुसऱ्या बाजूला एक बाई. बन्सीधर वकिलांनी आमची बाजू मांडली. पावत्यांवरची इंग्रजी सही दाखवली, कार्डाच्या फॉर्मवरची मराठी सही दाखवली, कुलथे साहेबांचा कागद वाचला. तो वाचला जात असताना बँकेचे वकील आपल्या फाईलमध्ये काही शोधत असल्यासारखे करत होते. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, "तुमच्याच मॅनेजरला कळवलं होतं. मग आणखी काय कळवायचं?" ते म्हणाले, लेखी. अध्यक्ष म्हणाले, "मॅनेजरनं लिहून घ्यायचं असतं ते." मी आईकडे बघितलं. ती समोर बघत होती.

मग त्या सदस्य बाईंनी शेवटचं पान उलटलं. त्यांना त्याचं नवल वाटलं असावं. "हे गंगाखेडचं काय आहे?"

बन्सीधर वकील म्हणाले, "मॅडम, ते धार्मिक आहे. त्याला कायद्यात किंमत नाही."

"किंमत नाही हे मला माहीत आहे. बाईंनाच विचारते." त्या आईकडे वळल्या. बोलायला मऊ होत्या. "बाई, हा खर्च तुमच्या मालकांनी केला होता का?"

"नाही," आई उभी राहून म्हणाली. "त्यांनी सुईसुद्धा घेतली नाही त्याच्यावर. चोरांनी घेतलं."

"मग हे देणं तुमचं नाही."

आईने नकारार्थी मान हलवली.

"बाई, देणं तुमचं आहे असं तुम्ही म्हणताय का?"

"देणं आहे," आई म्हणाली.

बन्सीधर वकील झटक्याने वळले. "मॅडम, त्या घाबरल्यात."

"मी नाही घाबरले. त्यांनी घेतलं नाही, पण देणं आहे. ते आम्हाला फेडायचंय."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही ही तक्रार कशाला केली?"

"त्यांचं नाव चोरासारखं घेऊ नये बँकेनं म्हणून. ते तुम्ही आता सगळ्यांसमोर ऐकलंत. माझं काम झालं."

अध्यक्ष काही वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, तक्रार मागे घ्यायची असेल तर तशी पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन द्या, दोन्ही अर्जदारांच्या सहीनं. जेवणाच्या सुट्टीनंतर बघू. नसेल घ्यायची तर निकाल देऊ.

बाहेर व्हरांड्यात बन्सीधर वकिलांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज खाली आला होता. "बेटी, तू सही करू नको. तू वारस आहेस, तुझ्या एकटीच्या नावानं चालू राहील. तू ऐकलंस ना अध्यक्ष काय म्हणाले. निकाल आपल्या बाजूनं लिहिलेला आहे त्यांच्या डोक्यात. फक्त तू सही करू नको."

आई लिंबाखाली दगडी ओट्यावर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या पिशवीत दोघींचा डबा होता, तो तिने उघडला नव्हता.

"आई, ती ठेव गेली तर खायचं काय?"

"तुझा पगार होतोय की."

"कधी होतो?"

"झाला तेव्हा खाऊ."

"काका फेडणार नाहीत. मला म्हणालेत ते तसं."

"मला माहीत आहे. भाऊजी बोलून मोकळे होतात. त्यांच्या लग्नापासून बघायलेय मी त्यांना." ती एवढी शांत होती की मला राग आला.

"मग कशासाठी? कावळा उडत उडत आला. भूक लागली म्हणून आला, शेजारचा पिंड संपला म्हणून आला. बाबांना तरी हे पटलं असतं का? तूच सांग. ते रोज त्या बाकावर बसायचे ते काय देणं आहे असं सांगायला?"

"भाऊजींनी काय काय म्हटलं ते तू ऐकलंस ना गंगेवर?" आईने विचारलं.

"ऐकलं."

"पहिल्यांदा तुझं म्हणाले. नाही आला. मग माझं म्हणाले. वैनीला सांभाळीन, आईच्या जागी मानीन. मी त्या कावळ्याकडे बघत होते. म्हटलं आता येईल. उडाला अन् झाडावर जाऊन बसला." ती थांबली. "माझ्यावर नाही आला, विमल. इतकी वर्षं संसार केला मी त्यांचा. अन् बँकेचं म्हणल्यावर लगेच आला. सगळ्या गावाने बघितलं."

तिने डब्याची पिशवी बाजूला सरकवली.

"त्या दिवसापासून मी एकच म्हणत आलेय मनाशी. देणं फार मोठं होतं त्यांच्या जिवाला, म्हणून मी मागं राहिले. लाज लागली होती, त्याच्यापुढं बायको कुठं आठवते माणसाला? हे मी माझं मला समजावलंय. आता तुझ्या कागदावर ते देणंच नव्हतं असं ठरलं, तर मग मी काय समजू? कशासाठी नाही आला तो माझ्यावर?"

तो पक्षी आहे, असं माझं आधीच म्हणून झालं होतं. बाबांचं तुझ्यावर प्रेम होतं असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, हे त्यांनी कधी तिला म्हटलेलं नाही. आता माझ्या तोंडून तिला ते नको असणार.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. बन्सीधर वकील व्हरांड्यात उभे होते. त्यांच्या हातात दोन कागद होते, एक तक्रार मागे घेण्याची पुरसिस, दोघींच्या सहीसाठी, आणि दुसरा माझ्या एकटीच्या नावाने तक्रार चालू ठेवण्याचा अर्ज. मी पहिला घेतला. आईने आपली सही सावकाश, एकेक अक्षर काढत केली. तिच्या खाली मी केली. बन्सीधर वकिलांनी कागद घेतला आणि आत जाताना खांदे पाडून गेले.

"कुलथे साहेबांचा कागद परत घेता येईल का?" मी त्यांच्यामागे जाऊन विचारलं.

"रेकॉर्डला गेला तो. नक्कल बँकेकडं गेली. आता तो बँकेचा झाला."

ठेव वळती झाली. उरली ती मी आईच्या नावे परत ठेवली. तिचं जे व्याज येतं त्यातून वाण्याचं अर्धं भागतं. आई दुपारी शेजारणीकडे पापड लाटायला जाते आणि घरी येऊन त्याबद्दल बोलत नाही. रात्री तिला झोप लागते. बाबा गेल्यापासून ती सही करेपर्यंत लागत नव्हती, हे मला मान्य करावं लागतं.

पालमला उतरलं की कॉलेजचा रस्ता कुलथे साहेबांच्या दारावरून जातो. मी काही दिवस मागच्या आळीने गेले. मग एकदा बाजाराच्या दिवशी स्टँडवरच अंबिकाबाई समोर आल्या. हातात भाजीची पिशवी होती, मेथीची जुडी वर आलेली.

"दिसला नाहीत बऱ्याच दिवसांत," त्या म्हणाल्या. "निकाल लागला का हो?"

"मागे घेतली आम्ही तक्रार."

"म्हणजे?"

"आईने मागे घेतली. मीही सही केली."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. आई आजारी आहे का, कुणी धमकावलं का, असं काही विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही.

"आमचा कागद?"

"तो फाईलला आहे."

"ह्यांना नोटीस आलीय," त्या म्हणाल्या. "यादीत नाव होतं, ते काढलंय. मी ह्यांना म्हणत होते, असू दे, त्या बाईंचं तरी काम झालं असेल."

मी त्यांच्या पिशवीकडे बघत राहिले. सांगण्यासारखं माझ्याकडे होतं ते गंगेवरचं होतं, आणि ते आईचं होतं. भर स्टँडवर, त्यांच्या नवऱ्याच्या नोकरीच्या बदल्यात, ते मला मांडता आलं नाही.

अंबिकाबाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"जा," त्या म्हणाल्या. "तुमची परभणीची गाडी लागलीय."